फुटलेल्या दोन वाट्या

आमच्या घरात फुटलेल्या वाट्या दोन आहेत. वाचक म्हणतील, यात विशेष ते काय? भांडी म्हटली की ती फुटावयाचीच. परंतु या वाट्या स्वयंपाकघरातील नव्हेत, गुडघ्यावरील आहेत. एक आमच्या स्वतःच्या उजव्या गुडघ्याची, सन १९९८ मध्ये फुटलेली. दुसरी आमच्या दाजींच्या डाव्या गुडघ्याची, सन २०१९ च्या पावसाळ्यात फुटलेली. दोन्ही हैदराबादच्या मलकपेठेतच फुटल्या आणि दोन्ही शस्त्रक्रियेने जोडल्या गेल्या. पहिलीचे दोनच तुकडे झाले होते, दुसरीचे सहा. आणि नवल असे की, आज दोन तुकड्यांचा गुडघा कुरकुरत घरी बसतो, आणि सहा तुकड्यांचा गुडघा शेतात राबतो. हे असे का झाले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे. त्यात आमची एक जुनी चूकही कबूल करावयाची आहे.

प्रथम मलकपेठेविषयी दोन शब्द. मुसी नदीच्या दक्षिणेस वसलेली ही हैदराबादची जुनी पेठ. गोवळकोंड्याच्या कुत्बशाहीत मलिक याकूब नावाचा एक राजसेवक होता, त्याच्या नावावरून हिला हे नाव पडले असे सांगतात. येथे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आहे, रेल्वेचे लहानसे स्थानक आहे, आणि २०१८ पासून डोक्यावरून मेट्रो गाडीही धावू लागली आहे. परंतु महाराष्ट्रातील शेतकऱ्यास मलकपेठ ठाऊक असते ती तेथील गंजामुळे. हैदराबादकडे घाऊक बाजारास गंज म्हणतात. मलकपेठेच्या गंजात मिरचीचा व कांद्याचा मोठा व्यापार चालत आला आहे, आणि आपल्याकडील कांद्याच्या मोटारी रात्रभर धावून पहाटे तेथे पोहोचत आल्या आहेत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे नोकरीधंद्यासाठी आलेली मराठी कुटुंबे या शहरात ठिकठिकाणी स्थिरावली. आमचे वडीलही वैजापूरकडील खेड्यातून असेच आले व मलकपेठेचे झाले. आमची थोरली बहीण मात्र राहुरीकडे दिली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, कांद्याचे बागाईतदार आहेत.

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात दाजी चाळीतला कांदा मोटारीत भरून स्वतः गंजात आले होते. माल काट्यावर चढताना आपण समोर उभे असावे, असा त्यांचा नेम. पहाटे झिमझिम पाऊस होता. खालच्या फरशीवर कांद्याची ओली सालपटे पडलेली. मोटारीच्या पुढच्या खोलीतून उतरताना त्यांचा पाय सटकला आणि डावा गुडघा दगडी कडेवर आपटला. ड्रायव्हरने आम्हांस फोन केला. आम्ही जाऊन पाहतो तो दाजी एका गोणीवर बसले होते, गुडघा सुजून भाकरीएवढा झालेला, आणि मुद्रा मात्र नेहमीची.

"पाव्हणं, पायाचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "आधी काटा बघा."

आम्ही काटा पाहिला नाही. त्यांना गोणीवरच आडवे केले आणि म्हटले, "दाजी, गुडघा न वाकवता टाच जरा वर उचला." त्यांनी दात आवळले, कपाळावर घाम आला, पण टाच तसूभरही हलली नाही. आम्ही समजून चुकलो. एकवीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरने आम्हांसही हेच करावयास सांगितले होते, आणि आमचीही टाच अशीच जागच्या जागी राहिली होती.

घरी आणेपर्यंत गल्लीतील चार माणसे जमली. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी मोठ्या आपुलकीने पुत्तूरची पट्टी सुचविली. आंध्र प्रदेशातील पुत्तूर हे गाव हाडे बांधण्याच्या परंपरागत विद्येसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्या नावाच्या पाट्या हैदराबादेत अनेक ठिकाणी दिसतात. आपल्या खेड्यांतही हाडवैद्याकडे जाण्याची रीत आहेच. हात मोडला, पाऊल मुरगळले, तर पट्टीने आधार मिळतो हे खरे. परंतु गुडघ्याच्या वाटीची गोष्ट निराळी आहे, आणि ती का निराळी आहे हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेण्यासारखे आहे.

गुडघ्याच्या पुढे जे गोलसर हाड बोटांनी किंचित हलविता येते ते म्हणजे वाटी. मांडीच्या पुढील बाजूच्या बळकट स्नायूची कंडरा खाली येते, तिच्या आत हे हाड बसविलेले असते. वाटीच्या खालच्या टोकापासून तशीच चिवट दोरी निघून नडगीच्या हाडास मिळते. विहिरीवर मोट चालत असे ते दिवस ज्यांना आठवतात त्यांस हे चटकन कळेल. मोटेचा नाडा चाकावरून जाई म्हणून बैलांना ओढ सोपी जाई; तोच नाडा विहिरीच्या काठावरून घासत गेला असता तर बैल थकून गेले असते. वाटी ही त्या चाकाचे काम करते. दोरीला ती सांध्यापासून थोडी पुढे धरते, आणि त्यामुळे कमी जोरात पाय सरळ होतो. तिच्या मागील बाजूस गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. शरीरातील सर्वांत जाड कूर्चा ती हीच, आणि तशीच ती हवी. कारण जिना चढताना वाटीवर देहाच्या वजनाच्या सुमारे तिप्पट, आणि खोल उकिडवे बसून उठताना सात-आठ पट भार येतो, असे मोजणाऱ्यांनी दाखविले आहे.

आता अशी वाटी आडवी मोडली म्हणजे काय होते पाहा. वरचा तुकडा मांडीचा स्नायू वर खेचून नेतो. खालचा खालीच राहतो. माणूस निजला तरी स्नायूची ओढ सुटत नाही. बाहेरून कितीही घट्ट पट्टी बांधली तरी आतली ही ओढ तिला थांबविता येत नाही. तुकडे जागचे हलले नसतील आणि रोग्यास टाच उचलता येत असेल, तर प्लॅस्टर किंवा सरळ पट्टा सुमारे सहा आठवडे बांधून वाटी आपोआप जुळते. तेथे सुरीची गरज नसते. पण तुकड्यांत दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक फट पडली, किंवा मागच्या गुळगुळीत बाजूवर दोन मिलिमीटरांची पायरी झाली, किंवा टाच उचलेनाशी झाली, तर वाटी उघडून जोडल्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. शेजारच्या वृद्धांस आम्ही हे नम्रपणे सांगितले. त्यांनी मान डोलावली, आणि रिक्षा बोलाविण्यास तेच धावले.

पूर्वीच्या काळी हा गुडघा उघडणे हेच मोठे धाडस होते. उघडलेला सांधा म्हणजे पू, ताप व पुष्कळदा मृत्यू. म्हणून एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये मालगेन्य नावाच्या शल्यवैद्यांनी पोलादी आकडे कातडीवरूनच रोवून तुकडे जवळ ओढण्याची युक्ती काढली होती. पुढे १८७७ च्या मार्च महिन्यात ग्लासगो येथे हेक्टर कॅमेरन यांनी, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडन येथे त्यांचे गुरू जोसेफ लिस्टर यांनी, कार्बोलिक आम्लाच्या साहाय्याने जंतूंचा बंदोबस्त करून गुडघा उघडला व वाटीचे तुकडे चांदीच्या तारेने शिवले. त्या रोग्यांचे गुडघे चिघळले नाहीत. आज आपण हाडाची शस्त्रक्रिया सहज म्हणून बोलतो, तिच्या पायाशी ही चांदीची तार आहे.

क्ष-किरणांचा फोटो निघाला, त्यापाठोपाठ सीटी स्कॅनही झाला. दाजींच्या वाटीचे सहा तुकडे होते. वरचे दोन मोठे, मधले तीन लहान, आणि खालच्या टोकाचा तर खडीसारखा चुरा. आम्ही ते फोटो घेऊन तीन ठिकाणी दाखविले, आणि तीन मते घेऊन परत आलो.

पहिले मत ओळखीच्या एका निवृत्त डॉक्टरांचे. ते म्हणाले, "एवढा चुरा झाला आहे, तर वाटी काढूनच टाका. आमच्या उमेदवारीत आम्ही किती काढल्या!" त्यांचे म्हणणे आधाराविना नव्हते. १९३७ साली इंग्लंडमध्ये राल्फ ब्रूक या शल्यवैद्यांनी, वाटी हे अनावश्यक हाड असून तिच्यावाचून गुडघा उलट चांगला चालतो, असे प्रतिपादन केले होते, आणि पुढे बरीच वर्षे जगभर वाट्या काढल्या गेल्या. परंतु काळ लोटला तसे आढळून आले की, वाटी गेलेल्या माणसास जिना चढताना, बसून उठताना बळ कमी पडते. चाक काढून नाडा काठावरून ओढावा तसेच ते. म्हणून आता संपूर्ण वाटी काढणे हा अगदी शेवटचा उपाय मानतात. फक्त खालच्या टोकाचा न जुळणारा चुरा काढून कंडरा उरलेल्या हाडास शिवून टाकणे, एवढे मात्र अजूनही करतात.

दुसरे मत तारेचे होते. तार म्हणताच आमचा हात आपोआप आमच्या गुडघ्याकडे गेला, कारण आमच्या वाटीस तारच घातली होती. तिची रीत अशी. दोन सरळ बारीक सळया वाटीतून उभ्या घालतात. जर्मनीचे किर्शनर यांनी १९०९ मध्ये अशा सळया वापरात आणल्या, म्हणून त्यांचेच नाव त्यांस मिळाले आहे. मग सळयांच्या टोकांमागून मऊ पोलादी तार घेऊन ती वाटीच्या पुढच्या बाजूने, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, आवळतात. यामागील तत्त्व जर्मनीच्या पाउवेल्स यांचे. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या 'एओ' या शल्यवैद्यांच्या मंडळाने त्याचा जगभर प्रसार केला. ते तत्त्व मोठे मनोहर आहे. गुडघा वाकला म्हणजे मोडलेली वाटी पुढच्या बाजूने उघडू पाहते. ती बाजू तारेने बांधलेली असली की तिला उघडता येत नाही, आणि तोच जोर वाटीची मागची बाजू एकमेकींवर दाबण्यास लागतो. जो जोर तोडावयास आला, तोच जोडावयास राबतो. पुढे प्रयोगशाळांत मोजून पाहणाऱ्यांस आढळले की, पुस्तकात लिहिले आहे इतके पुरेपूर हे घडत नाही, आणि तार थोडी सैलावतेही. तरीही साध्या आडव्या मोडीस ही रीत गेली कित्येक दशके उपयोगी पडत आली आहे. काही ठिकाणी सळयांऐवजी पोकळ स्क्रू घालून त्यांच्या पोटातून तार ओवतात; ती बांधणी प्रयोगांत अधिक पक्की ठरली आहे.

तारेचा एक दोष मात्र आम्ही स्वतः भोगला आहे. गुडघ्यापुढे मांस असे नाहीच. कातडी आणि तिच्याखाली लगेच हाड. त्यामुळे सळयांची टोके सरकली की ती कातडीला आतून टोचू लागतात. आम्ही चर्चमध्ये गुडघे टेकले की बाभळीचा काटा रुतावा तसे होई. अखेर १९९९ मध्ये पुन्हा भूल घेऊन तार व सळया काढून टाकाव्या लागल्या. यात कोणाचा अपराध नव्हता. तार घातलेल्या पुष्कळ रोग्यांस ती पुढे काढून घ्यावीच लागते.

तिसरे मत एका तरुण शल्यवैद्यांचे. त्यांनी कागद घेतला, वाटीचे बाजूने दिसणारे चित्र काढले, आणि पेन्सिल तिच्या मागच्या कडेवर टेकविली. ते हिंदीत बोलत होते. आम्ही दाजींना मराठीत सांगत होतो. ते म्हणाले, "तारेचे सारे गणित मागच्या बाजूवर आहे. पुढून आवळले की मागचे काठ एकमेकांवर दाबले जातात, हे खरे. पण दाबले जावयास काठ शाबूत हवेत ना? यांची मागची बाजू मधोमध चुरली आहे. तार आवळली तर वाटी जुळण्याऐवजी आत दबेल." म्हणून त्यांचा विचार असा होता की, मोठे तुकडे प्रथम लहान स्क्रूंनी एकमेकांस जोडावेत, मग वाटीच्या पुढच्या बाजूवर पातळ धातूची, बारीक भोकांची पट्टी तिच्या उंचवट्याप्रमाणे वाकवून बसवावी आणि सर्व तुकडे त्या पट्टीस अडकवावेत. स्क्रूंची डोकी पट्टीतच घट्ट बसत असल्यामुळे चुऱ्यालाही चौकटीसारखा आधार मिळतो. खालच्या टोकाच्या खडीत स्क्रू धरणार नाही; तेथे न विरघळणारा बळकट दोरा हाडातील भोकांतून ओवून घ्यावयाचा. हा दोरा कातडीस टोचत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आम्ही विचारले, "मग पट्टी ही सर्वांत उत्तम म्हणावयाची का?"

ते हसून म्हणाले, "असे मी म्हणणार नाही. पट्टीला जखम थोडी मोठी लागते, खर्च अधिक येतो, आणि तीही कधीकधी काढावी लागते. तुमच्या वाटीचे दोन तुकडे होते. तुम्हांला मीही तारच घातली असती."

हे उत्तर आम्हांस फार आवडले. पुढे आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की, जगभरातील वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये या विषयाचा आढावा घेतला, आणि दोन्ही वेळा हाच निष्कर्ष निघाला की, आजवरच्या चाचण्या लहान आहेत व अमुक एक पद्धत सर्वांसाठी श्रेष्ठ आहे असे सांगण्याइतका पुरावा हाती नाही. तेव्हा जो कोणी मोडीचा फोटो पाहण्यापूर्वीच आपलीच पद्धत उत्तम म्हणून सांगेल, त्यास आपण चार प्रश्न अधिक विचारावेत.

संध्याकाळी आक्काला गावी फोन लावला. तीन मते ऐकून घेऊन ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "तार का पट्टी ते तुम्ही शहाणी माणसं ठरवा. मला एवढंच विचारून सांग, ह्यांना रोपं लावायला खाली बसता येईल का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तोच प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवला. ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसता येईल असे वाटते, पण पूर्वीइतके खोल नाही. वर्षभराने विचारा. आणि ते माझ्या पट्टीपेक्षा यांच्या मेहनतीवर अधिक आहे."

उरला प्रश्न पैशाचा. तारेपेक्षा पट्टीस जो जादा खर्च यावयाचा होता, तो त्या दिवशीच्या भावाने चाळीस गोण्या कांद्याइतका होता. दाजींनी बोटांवर हिशेब केला, छताकडे पाहिले, आणि म्हणाले, "कांदा पुढल्या सालीबी पिकंल. बसवा पट्टी."

भुलेची मात्र त्यांना धास्ती होती. तेव्हा आम्ही त्यांना याच हैदराबादची गोष्ट सांगितली. क्लोरोफॉर्मची भूल कितपत सुरक्षित आहे हे तपासण्यासाठी १८८८ व १८८९ मध्ये निजामाच्या खर्चाने येथे दोन मंडळे बसली होती, आणि त्यांची चर्चा साऱ्या जगात झाली. त्यांचे सर्वच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. पण भूल देणे हे सावधपणे शिकावयाचे शास्त्र आहे, ही जाणीव या शहराला इतकी जुनी आहे. दाजींना अर्थातच क्लोरोफॉर्म दिला नाही; कमरेत सुई टोचून पाय तेवढे बधिर केले. ते आत जाताना जपमाळ बोटांत धरून होते, आणि बाहेर आले तेव्हाही ती त्यांच्या बोटांतच होती.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी नवा फोटो दाखविला. मोठ्या तुकड्यांत स्क्रू होते, पुढे पट्टी होती; आणि खालच्या टोकाचा दोरा फोटोत दिसत नसला तरी होता. तीन उपायांपैकी एक निवडावयाचा म्हणून आम्ही तीन दिवस डोके शिणविले होते, आणि त्या एका गुडघ्यात स्क्रू, पट्टी व दोरा असे तिन्ही एकत्र नांदत होते.

आमच्या समजुतीने येथे गोष्ट संपली. वास्तविक ती येथे सुरू होत होती.

दाजी सहा आठवडे मलकपेठेत आमच्याच घरी राहिले. दुसऱ्या दिवसापासूनच पाय लांब करून गुडघ्याचा मागचा भाग गादीवर दाबावयाचा, दहा आकडे मोजेपर्यंत मांडी आवळून धरावयाची, व सोडावयाची, हा व्यायाम सुरू झाला. मग टाच उचलणे आले. चालताना पाय सरळ ठेवणारा लांब पट्टा बांधून कुबड्यांवर चालणे. दोन आठवड्यांनी टाके निघाले आणि गुडघा थोडा थोडा वाकविण्यास प्रारंभ झाला. सहा आठवड्यांत काटकोनापर्यंत पोहोचावयाचे, असा डॉक्टरांचा हुकूम होता. व्यायाम शिकविणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत. उरलेल्या दिवशी आकडे मोजण्याचे काम आमच्याकडे होते.

तिसऱ्या आठवड्यात एके रात्री दाजींनी पांघरूण ओढून घेतले. "आज नगं, पाव्हणं," ते म्हणाले. "लई ठणकतंय. आन् आतली पट्टी निसटली म्हंजी? चाळीस गोण्या पाण्यात. जरा हाड जुळू द्या, मंग वाकवू."

हे शब्द ऐकून आमच्या अंगावर काटा आला; कारण ते आमचेच शब्द होते. एकवीस वर्षांपूर्वी, अशाच एका रात्री, याच खोलीत, आम्ही आमच्या सौभाग्यवतींना अगदी हेच सांगितले होते.

आम्ही दिवा मोठा केला, पायजमा वर सरकविला, आणि आमचा उजवा गुडघा त्यांच्यासमोर धरला. तो काटकोनाच्या जरासा पलीकडे जातो आणि तेथे थांबतो. बसमध्ये आम्हांस कडेचीच जागा लागते. जमिनीवर पंगतीस बसणे आमच्या नशिबातून गेले आहे. दाजींनी तो गुडघा अनेकदा पाहिला होता. साऱ्या नातेवाइकांत आम्ही सांगितलेली हकीकत त्यांस ठाऊक होती, की डॉक्टरने तार नीट बसविली नाही म्हणून आमचा पाय असा राहिला.

त्या रात्री आम्ही त्यांना खरी हकीकत सांगितली. डॉक्टरने तार उत्तम बसविली होती. हाड वेळेवर जुळले होते. त्यांनी आम्हांस तिसऱ्या आठवड्यापासून गुडघा वाकविण्यास बजावून सांगितले होते, आणि आम्ही तीन महिने तो वाकविला नाही. आम्ही भ्यालो. तार तुटेल म्हणून भ्यालो, आणि खरे सांगावयाचे तर दुखण्यास भ्यालो. तोपर्यंत सांध्याच्या आत चिकटे धरले आणि स्नायू वाळून गेला. मग आपल्या भ्याडपणाची लाज झाकण्यासाठी एका निरपराध माणसावर दोष ढकलला, आणि एकवीस वर्षे तो तसाच राहू दिला. त्या डॉक्टरांना हे कधी कळले नसेल. पण आम्हांस प्रत्येक वेळी पायरी चढताना कळत होते.

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी पांघरूण बाजूस केले. "मोजा," ते म्हणाले.

आम्ही मोजू लागलो. सातव्या आकड्यास त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, आमच्याही आले, पण आकडे दहापर्यंत गेले.

सहा आठवडे भरले त्या दिवशी त्यांचा गुडघा काटकोनात वाकला. तीन महिन्यांनी फोटोत हाड जुळलेले दिसले, तेव्हा त्यांनी घोट्यास मिठाची पिशवी बांधून पाय उचलण्यास सुरुवात केली. वर्ष सरल्यावर आक्काचा फोन आला. आता तिला काही विचारावयाचे नव्हते, सांगावयाचे होते. दाजी कांद्याची रोपे लावावयास वाफ्यात उतरले होते. पूर्वीसारखे खोल बसत नाहीत. लाकडी पाटावर टेकतात, दर घटकेस उठून पाय झाडतात, आणि थंडीत पट्टी आपली आठवण करून देते. चर्चमध्ये ते उजवाच गुडघा टेकतात, डावा पुढे उभा ठेवतात. पट्टी अजून आतच आहे. फारशी टोचत नाही म्हणून काढलेली नाही.

आमच्या वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग न येवो. आला तर एवढे ध्यानात ठेवावे. पडल्यावर टाच उचलत नसेल तर गुडघा चोळू नये, वाकवू नये. फळी किंवा उशी बांधून पाय सरळ ठेवावा आणि फोटो काढावयास न्यावे. तुकडे किती, मागची बाजू शाबूत आहे की नाही, घातलेली वस्तू पुढे काढावी लागेल काय, आणि गुडघा कोणत्या दिवसापासून वाकवावयाचा, हे चार प्रश्न डॉक्टरांस विचारावेत. पहिल्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून तार, पट्टी की दोरा हे ते ठरवितील. चौथ्याचे उत्तर मात्र रोग्याने व घरच्यांनी मिळून द्यावयाचे असते, रोज, दहापर्यंत मोजून.

ज्या डॉक्टरांवर आम्ही दोष ठेवला होता, त्यांचा शोध घेण्याचा आम्ही पुढे प्रयत्न केला. ते या जगात राहिलेले नाहीत, असे कळले. तेव्हा ज्या ज्या नातेवाइकांस आम्ही ती खोटी हकीकत सांगितली होती, त्या प्रत्येकास आम्ही खरी सांगितली आहे. कोणी राहून गेला असेल, तर त्याने ती येथे वाचावी.